उघड लिलाव, खरे माप

शेतातील कापूस दोन-तीन महिन्यांत वेचून होतो. सूतगिरणीला मात्र तो बारा महिने लागतो. मधल्या काळात माल साठविणे, दूरवर पोचविणे, त्यात भांडवल गुंतविणे आणि भाव उतरल्यास तोटा सोसणे ही कामे व्यापारी करतो. म्हणून व्यापार हे समाजाच्या अर्थव्यवहाराचे आवश्यक अंग होय. या सेवेबद्दल व्यापाऱ्याला नफा मिळणे न्याय्यच आहे. परंतु तो सेवेतून मिळाला की शेतकऱ्याच्या अज्ञानातून, हे पाहिले पाहिजे.

पूर्वी अनेक बाजारांत हत्ता पद्धत रूढ होती. अडत्या व खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत. ज्याचा माल त्यालाच भाव कळत नसे. शिवाय कडता, धर्मादाय अशा नावांनी कपात होई. क्विंटलमागे दोन किलो कडता धरला, तर पंचवीस क्विंटलांमागे पन्नास किलो माल फुकट जातो, हे ध्यानात घ्यावे.

यावरील उपायाचा आरंभ वऱ्हाडात झाला. कारंजा येथे १८८६ साली नियंत्रित बाजार स्थापन झाला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. १९२८ साली शाही कृषी आयोगाने अशा बाजारांची शिफारस केली. महाराष्ट्रात १९६३ च्या कायद्यान्वये बाजार समित्यांचे कामकाज चालते. उघड लिलाव, प्रमाणित वजनमापे व लेखी हिशेब ही या व्यवस्थेची तीन अंगे होत. पुढे थेट खरेदी, खाजगी बाजार आणि २०१६ साली सुरू झालेला ऑनलाइन राष्ट्रीय कृषी बाजार हे मार्गही खुले झाले. मार्ग कोणताही असो, ही तीन अंगे शेतकऱ्याने सोडू नयेत.

विक्रीपूर्वी दोन-तीन बाजारांतील भावांची चौकशी करावी. लिलावाच्या वेळी स्वतः हजर राहावे, काटा रिकामा असताना शून्यावर आहे काय ते पाहावे आणि हिशेबपट्टी घेतल्यावाचून परतू नये. पट्टीवर भाव, वजन व प्रत्येक कपात स्वतंत्रपणे लिहिलेली असावी.

शेतकऱ्यानेही सचोटी राखली पाहिजे. कापसावर पाणी मारून वजन वाढविणाऱ्या एकामुळे साऱ्या गावच्या मालाचा भाव पडतो. किडका व भिजलेला कापूस वेगळा ठेवावा. माल वाळवून, स्वच्छ करून न्यावा.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी हंगामात ग्रामपंचायतीच्या फलकावर रोजचे बाजारभाव लिहावेत. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना हिशेबपट्टी वाचून समजावून द्यावी आणि गैर कपात आढळल्यास बाजार समितीकडे लेखी तक्रार करण्यास साहाय्य करावे. भाव सर्वांसमक्ष ठरला आणि माप खरे पडले, म्हणजे प्रामाणिक व्यापाऱ्याचाही धंदा वाढतो व शेतकऱ्याच्या श्रमाचे मोल त्याच्या पदरी पडते.