जत्रेची वाट आणि वाटेची भाषा

सीमाभागात फलकाच्या भाषेचा प्रश्न निघाला, की चर्चा लगेच अस्मितेकडे वळते. अस्मितेचा मुद्दा खोटा नाही. पण जत्रा, मिरवणूक, कुंभमेळा अशा प्रसंगी लाखो माणसे एकाच दिवशी एकाच वाटेने निघतात. तिथे फलकाची भाषा हा आधी जिवाचा प्रश्न असतो.

सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगराचेच पाहा. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या जत्रेला बेळगाव, खानापूर, निपाणीबरोबरच कोल्हापूर, सांगलीकडूनही भाविक येतात. जोगुळभावीला स्नान करून डोंगर गाठायचा, हा परिपाठ. यांतल्या अनेकांना बोललेले कन्नड थोडेफार समजते, पण लिपी वाचता येत नाही. आयत्या वेळी रस्ता वळवला किंवा वाहनतळ बदलला आणि सूचना एकाच लिपीत असली, तर अशी माणसे पुढच्याच्या पाठीमागे चालत राहतात. गर्दीत नेमके हेच घातक ठरते.

गर्दी कितीही मोठी असली, तरी तिचा वेग वाटेवरची सर्वांत अरुंद जागा ठरवते. तिथे पुढचे थांबले, तरी मागच्यांना त्याचा पत्ता नसतो. ते रेटतच राहतात. म्हणून लोंढा अडवायचा तो दाराशी नव्हे, तर कितीतरी अलीकडे, मोकळ्या जागेत. जाण्याची आणि येण्याची वाट वेगळी ठेवायची. गाड्या गावाबाहेर थांबवून पुढे बसने न्यायचे. नाशिकला २७ ऑगस्ट २००३ रोजी रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक दगावले. २०१५ च्या कुंभात खासगी वाहने शहराबाहेर थांबवून तिथून एसटी बसची सोय केली गेली आणि तशी दुर्घटना टळली. मात्र पहिल्या पर्वणीला बंदोबस्त इतका कडक झाला, की भाविकांची मैलोन्‌मैल पायपीट झाली. पुढच्या पर्वणीला तो सैल करावा लागला.

पण आखणी कितीही चोख असली, तरी ती माणसांपर्यंत पोहोचते शब्दांतूनच. १५ फेब्रुवारी २०२५ रोजी नवी दिल्ली स्थानकावर कुंभाला निघालेल्या प्रवाशांची चेंगराचेंगरी होऊन १८ जण गेले. ‘प्रयागराज’ हे नाव असलेल्या दोन गाड्यांच्या घोषणांनी गोंधळ उडाल्याचे पोलिसांनी तेव्हा सांगितले होते; रेल्वेने पुढे डोक्यावरचे ओझे पडल्याचे कारण दिले. कारण कोणतेही धरा, कळणाऱ्या भाषेतही एक मोघम घोषणा गोंधळ माजवू शकते. मग न कळणाऱ्या भाषेतल्या घोषणेचे काय? त्याआधी २९ जानेवारीला खुद्द प्रयागराजमध्ये सरकारी आकड्यानुसार ३० जण दगावले, त्यांत बेळगावचे चार यात्रेकरू होते. आपली माणसे अशा गर्दीत जातात, हे विसरून चालणार नाही.

भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राने आखलेल्या संरक्षणांत, जिथे एखाद्या भाषेचे लोक १५ टक्के वा अधिक आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, असे म्हटले आहे. रस्ता बंद असल्याच्या सूचनेपेक्षा महत्त्वाची सूचना जत्रेच्या दिवशी कोणती?

हा न्याय एकतर्फी नको. पंढरपूरच्या आषाढी-कार्तिकीला कर्नाटकातून असंख्य वारकरी येतात. चंद्रभागेच्या वाळवंटात त्यांनाही वाट कन्नडमध्ये कळली पाहिजे. ही मागणी आपण मराठी माणसांनी करावी. मग सौंदत्तीसाठीची आपली मागणी कोणाला परकी वाटणार नाही.

करण्यासारखे फार अवघड नाही. फलकावर दोन्ही लिपी, ठळक बाण आणि सोबत चित्र असावे. वाहनतळाला नुसता आकडा न देता हत्ती, मोर, कमळ अशी खूण द्यावी, म्हणजे निरक्षर म्हातारीलाही आपली गाडी सापडेल. ध्वनिक्षेपकावर एकच सूचना दोन्ही भाषांत, छोट्या वाक्यांत आणि वारंवार सांगावी. परतीच्या बसवर गावाचे नाव दोन्ही लिपींत लिहावे. बदललेले मार्ग आठवडाभर आधी दोन्ही भाषांतील वृत्तपत्रांत आणि सीमेपलीकडच्या एसटी आगारांत लावावेत.

गावोगावच्या ग्रामपंचायतींनी आणि यात्रा कमिट्यांनी जत्रेच्या महिनाभर आधी जिल्हाधिकाऱ्यांना तसे लेखी निवेदन द्यावे. संविधानाच्या ३५० व्या कलमाने ते मराठीतही देता येते. देवीच्या दारी गेलेले माणूस धडपणे घरी परत यावे, एवढेच तर मागणे आहे.