निवृत्तिवेतनाची खिडकी आणि स्मृतिभ्रंश

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जबलपूरमधील कोणत्याही बँकेच्या शाखेत डोकावले, तर हे निवृत्तांचे शहर आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. १९०४ साली येथे गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली. पुढे खमरियाची आयुध निर्माणी आणि व्हेइकल फॅक्टरी आली. रेल्वे आणि उच्च न्यायालय तर आहेतच. नोकरीनिमित्त आलेली अनेक कुटुंबे निवृत्तीनंतर येथेच स्थायिक झाली आणि त्यांत मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत. एटीएम हाताशी असूनही या मंडळींना पासबुक छापून घेतल्यावाचून चैन पडत नाही.

स्मृतिभ्रंशाची पहिली चाहूल अनेकदा याच खिडकीवर लागते. कालपर्यंत झरझर स्लिप भरणारा हात अचानक तारखेपाशी थबकतो. स्वाक्षरी जुळत नाही. धनादेशपुस्तक हरवल्याचा अर्ज तिसऱ्यांदा येतो. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे आढळले, की आजाराचे निदान होण्याच्या सहा वर्षे आधीपासून अशा व्यक्तींची देयके थकू लागतात. आपल्या देशात साठीपुढील लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशासह जगत असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. डॉक्टरांकडे पोहोचण्यापूर्वी यांतील कितीतरी जण आपल्यासमोरील रांगेत उभे राहून गेलेले असतात.

आमच्या शाखेत घडलेली एक गोष्ट सांगतो. एक वयस्क मराठी गृहस्थ पैसे घेऊन गेले आणि अर्ध्या तासाने परत येऊन, पैसे मिळालेच नाहीत, असे म्हणू लागले. रोखपालाने त्यांच्याच स्वाक्षरीची स्लिप दाखवली, तसा त्यांचा आवाज अधिकच चढला. रांगेतून कोणीतरी म्हणाले, "दादाजी सठिया गए हैं।" आपल्या मराठीतही "साठी बुद्धी नाठी" आहेच; या बाबतीत दोन्ही भाषा सारख्याच निर्दय. तेवढ्यात आमचे दफ्तरी पुढे झाले आणि त्यांनी शांतपणे मराठीत विचारले, "काका, जरा बसता का? चहा घेऊ." दोघे बाकावर बसले. चहा होईपर्यंत काकांच्या आतल्या खिशातील नोटा काकांनाच सापडल्या आणि कोणीही त्यांना "बघा, आम्ही म्हणत नव्हतो?" असे म्हटले नाही. या आजारात नंतर शिकलेली भाषा पुष्कळदा आधी मागे पडते आणि मातृभाषा अधिक काळ साथ देते. परप्रांतातील मराठी मंडळींनी हे विशेष ध्यानात ठेवावे. ज्यांचा सारा व्यवहार हिंदीत झाला, त्यांनाही गोंधळलेल्या क्षणी दोन मराठी शब्द आधार देऊन जातात.

शब्दांचे महत्त्व जपानने ओळखले. आजारासाठी तेथे रूढ असलेल्या शब्दाला मूढपणाची छटा होती, म्हणून २००४ साली सरकारने तो बदलला. पुढच्याच वर्षी सामान्य नागरिकांसाठी सुमारे दीड तासाचे प्रशिक्षण सुरू झाले. दुकानदार, शाळकरी मुले आणि बँकांचे कर्मचारी मिळून आजवर एक कोटीहून अधिक लोकांनी ते घेतले आहे. ओमुता या जुन्या कोळसाखाणींच्या गावात तर वाट चुकलेल्या वृद्धाशी कसे बोलावे, याचा रस्त्यावर सराव केला जातो. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा चित्रपट वाचकांनी पाहिला असेल. त्यात हत्तीच्या मागे भान हरपून गेलेल्या संस्कृत पंडिताला माहुताची पत्नी सांभाळते. तिने कोठलेही प्रशिक्षण घेतलेले नसते, हे खरे. पण प्रत्येक चौकात अशी चन्नम्मा भेटेल, या भरवशावर शहर चालत नाही.

आता थोडे कागदपत्रांविषयी, कारण याबाबत गैरसमज फार आहेत. "वडिलांचे मुखत्यारपत्र करून ठेवले आहे, काळजी नाही," असे अनेक ग्राहक सांगतात. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली, की मुखत्यारी संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद केला, नेमक्या त्याच दिवशी तो निरुपयोगी! इंग्लंडमध्ये क्षमता गेल्यावरही टिकणारे मुखत्यारपत्र २००५ च्या कायद्याने मिळते. आपल्याकडे तशी सोय नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्येही मालमत्तेसाठी पालक नेमण्याची तरतूद नसल्याने कुटुंबांना उच्च न्यायालयात अर्ज घेऊन जावे लागते. उच्च न्यायालय आपल्याच गावात असले, तरी ती वाट सोपी नव्हे.

म्हणून निदान झाल्याबरोबर, व्यक्तीला समजते आहे आणि तिची संमती आहे तोवर, निवृत्तिवेतनाचे खाते पती-पत्नीचे संयुक्त करून घ्यावे, नामनिर्देशन पाहावे आणि वीजबिलासारख्या देयकांसाठी स्थायी सूचना द्याव्यात. मुलाच्या नावाने संयुक्त खाते करताना मात्र दहादा विचार करावा. सोबत आलेली व्यक्तीच सर्व उत्तरे देत असेल, तर आम्ही कर्मचारीही खातेदाराशी थेट बोलतो. त्याचा राग मानू नये. मुलाने फोनवर वडिलांच्या खात्यातील शिल्लक विचारली, तर ती आम्हाला सांगता येत नाही, हेही समजून घ्यावे.

हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबरच्या गर्दीत रुग्णाला आणण्याची गरज नाही. ८० वर्षांवरील केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो आणि जीवन प्रमाण योजनेत चेहऱ्याच्या ओळखीवर घरबसल्याही होतो. सत्तरीपुढील ग्राहकांना घरपोच सेवा देण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या सूचना २०१७ पासून आहेत. तरीही चाळीस वर्षे बँकेत येणाऱ्या माणसाला एकदम घरी बसवू नये, असे मला वाटते. पहिला आठवडा टाळून बारा-पंधरा तारखेला, दुपारी गर्दी ओसरल्यावर त्यांना घेऊन या. स्लिप त्यांनाच भरू द्या. वेळ लागला तरी चालेल.