आधी घर कोणाचे?

वर्ध्याला खेटून असलेल्या पिपरी मेघेत शिक्षक किंवा कारकून घर बांधतो, ते बहुधा टप्प्याटप्प्याने. आधी दोन खोल्या आणि संडास-न्हाणी, भविष्य निर्वाह निधीतून रक्कम निघाली की स्लॅब, मुलगा नोकरीला लागला की वरचा मजला. काम मध्येच थांबले तरी घरातली माणसे उघड्यावर येत नाहीत. मुंबईच्या पुनर्विकासात नेमकी हीच हमी नसते. गोरेगावची पत्राचाळ त्याचे ढळढळीत उदाहरण आहे.

सिद्धार्थनगर हे तिचे कागदोपत्री नाव. जमीन म्हाडाची, भाडेकरू 672. 2008 साली रहिवाशांची संस्था, म्हाडा आणि विकासक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. भाडेकरूंना मोफत घरे, म्हाडाला सोडतीसाठी घरांचा वाटा, आणि उरलेले बांधकाम विकासकाने खुल्या बाजारात विकावे, अशी ती योजना होती. निरनिराळ्या मिळकतीची कुटुंबे एका आवारात नांदावीत आणि महागड्या घराने स्वस्त घराचा खर्च उचलावा, या तत्त्वाला नाव ठेवणे कठीणच. परंतु भाडेकरू खोल्या रिकाम्या करून बाहेर पडले, पुढे त्यांना मिळणारे भाडेही बंद झाले आणि त्यांच्या इमारती अर्ध्यावर राहिल्या. विक्रीचे बांधकाम हक्क मात्र त्याआधीच इतर बिल्डरांकडे गेले होते. त्यातील गैरव्यवहाराच्या आरोपांचा निवाडा न्यायालय करील. 2018 मध्ये म्हाडाने प्रकल्प ताब्यात घेतला. काम पुन्हा सुरू व्हायला 2022 उजाडले. 2016 च्या सोडतीत येथे घर लागलेली 306 कुटुंबेही ताटकळतच राहिली.

सारा दोष लोभाला दिला की आपण मोकळे होतो. वस्तुतः खोट आराखड्यातच होती. कोणती इमारत कोठे, हे त्यात असते; कोणती आधी, हे बंधन नसते.

इंदूरची अरण्य वसाहत बाळकृष्ण दोशी यांनी 1980 च्या दशकात आखली. तेथेही मोठे भूखंड विकून लहान भूखंडांचा भार हलका केला गेला. पण गरिबाच्या हाती पडले ते भूखंड, जोते, संडास आणि नळ. भिंती त्याने ऐपतीप्रमाणे चढवल्या. या वसाहतीला 1995 साली आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. (पुरस्कारापेक्षा तो नळ महत्त्वाचा, हे वेगळे सांगायला नको.)

मुंबईत अशी बैठी घरे परवडणार नाहीत, हे मान्य. क्रम तरी उचलता येईल. आवारातील मोकळ्या जागेवर पहिली इमारत भाडेकरूंची उभी राहावी, त्यांनी चाळीतून थेट तेथे जावे, मगच चाळ पाडावी. आणि भाडेकरूंना भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्याखेरीज विक्रीच्या एकाही मजल्याला परवानगी नसावी. अशा अटींवर बिल्डर पुढे येणार नाहीत, अशी ओरड होईल. काही खरोखरच येणार नाहीत. मग त्या पहिल्या इमारतीपुरते भांडवल म्हाडाने घालावे आणि विक्रीतून ते वसूल करावे. पत्राचाळीचे काम म्हाडाला अखेर स्वतःच हाती घ्यावे लागले, फक्त दहा वर्षे उशिराने.