अक्षरांशी झगडणारे मूल

पनवेलच्या बाजारपेठेतील एखाद्या पेढीवर दहा वर्षांचे मूल गिऱ्हाइकाला सुटे पैसे बिनचूक परत देते; परंतु पाठ्यपुस्तकातील चार ओळी वाचताना अडखळते. घरात लगेच निर्णय होतो, ‘आळशी आहे’, किंवा ‘ज्ञानावरणीय कर्माचा उदय, दुसरे काय? दुकान तर आहेच.’ अशा बोलण्यात मुलाची मोलाची वर्षे निघून जातात.

वास्तविक आपल्या कर्मसिद्धांतानुसार ज्ञान हा आत्म्याचा स्वभाव आहे. कर्म त्यावर केवळ आवरण घालते आणि क्षयोपशमाने ते विरळ होते. तेथे पुरुषार्थाला वाव आहे. अडचण नेमकी कोठे आहे हे शोधणे, हा त्या पुरुषार्थाचाच आरंभ होय.

बुद्धिमापनाचा जन्मही याच हेतूने झाला. शाळेत कोणत्या मुलांना विशेष साहाय्य हवे, हे ओळखण्यासाठी 1905 मध्ये पॅरिस येथे बिने व सिमाँ यांनी पहिली चाचणी रचली. पुढे व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड येथे तिचे कन्नड व मराठी मुलांसाठी रूपांतर केले. नागपूरचे डॉ. मालिन यांनी वेक्सलर यांच्या चाचणीला भारतीय रूप दिले.

तपासणीत प्रथम दृष्टी व श्रवण पाहतात. मग जन्मापासूनचा विकास, शाळेच्या वह्या, बुद्धी, अवधान, वाचन, लेखन व गणित यांचा क्रमाने विचार होतो. घरी गुजराती किंवा मारवाडी आणि शाळेत इंग्रजी अशी स्थिती असल्यास ते आवर्जून सांगावे. अन्यथा भाषेची अडचण बुद्धीची उणीव ठरण्याची भीती असते. एका अंकावरून मुलाचे मोल ठरवणे हे एकांगी आहे. अनेक बाजूंनी पाहण्याची शिकवण देणाऱ्या अनेकान्ताच्या उपासकांना हे वेगळे सांगणे नको.

डिस्लेक्सियासारखी विशिष्ट अध्ययन अक्षमता 2016 च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमात समाविष्ट आहे. रीतसर प्रमाणपत्र असल्यास मंडळाच्या परीक्षेत अधिक वेळ किंवा लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. पनवेलहून कुर्ला येथे गाडी बदलून शीवला जाता येते. तेथील लोकमान्य टिळक रुग्णालयात अशी तपासणी अनेक वर्षांपासून होत आली आहे.

‘सोयरिकीत अडचण येईल’ या धास्तीने पुष्कळ पालक हा अहवाल लपवतात, तर काही तपासणीच टाळतात. मूल मात्र रोज वर्गात स्वतःला ‘ढ’ समजत राहते. ज्ञानपंचमीला आपण ग्रंथांचे पूजन करतो. त्या ग्रंथांपर्यंत पोहोचू न शकणाऱ्या मुलाचा हात धरणे, हीही ज्ञानाचीच आराधना आहे.