पाटील मास्तर

मुलाने मॅट्रिक व्हावे, सरकारी नोकरी धरावी, ही शंभर वर्षांपूर्वीच्या पित्याची साधी अपेक्षा. महसूल खात्यात नोकरी करणाऱ्या पायगोंडा पाटील यांनाही तसेच वाटले असल्यास नवल नाही. परंतु १८८७ साली कुंभोज येथे जन्मलेले त्यांचे पुत्र भाऊराव मॅट्रिक झालेच नाहीत. साताऱ्यात ते शिकवण्या घेऊ लागले, ‘पाटील मास्तर’ म्हणून ओळखले जाऊ लागले. पुढे किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडले. चारचौघांत पित्याने मिरवावे असे त्यात काही नव्हते.

या भटकंतीतच खेड्यांतील निरक्षरता त्यांनी जवळून पाहिली. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. पित्याला वाटणारी काळजी पूर्णतः निराधार नव्हती. घरात सोने आले नाही. होते तेही गेले. मुलांच्या जेवणासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही.

आज मुलगी परिचारिका किंवा मुलगा प्राथमिक शिक्षक होऊ म्हणतो, तेव्हा घरात दोन प्रश्न उठतात: ‘पोट कसे भरशील?’ आणि ‘लोक काय म्हणतील?’ पहिला प्रश्न पालकांनी अवश्य विचारावा व मुलांनी त्याचे प्रामाणिक उत्तर द्यावे. दुसऱ्याचे उत्तर देण्यास मात्र कोणतेही मूल बांधील नाही.