हिमेजीचे लोखंड, सोलापूरचा पत्ता

सोलापूरच्या कारखानदाराला परदेशातून जुना माग आणायचा असेल, तर आयात धोरण आडवे येत नाही. जुनी यंत्रे भांडवली मालात मोडतात. पण त्यानेच जपानहून वापरलेला गोल्फ क्लब मागवला तर परवाना लागतो, कारण भांडवली नसलेला जुना माल ‘निर्बंधित’ आहे. अवजड माग सुटतो, अर्ध्या किलोचा क्लब अडकतो! जपानी संकेतस्थळांवरचे स्वस्त जुने संच पाहून हुरळणाऱ्यांनी हे आधी वाचावे.

ओढ तरी कशाची? ह्योगो प्रांतात हिमेजीजवळ इचिकावा नावाचे गाव आहे. लोहारकामाची जुनी परंपरा असलेल्या या भागात १९३०च्या सुमारास जपानी बनावटीचे पहिले आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याचा क्लब, घडले. हिमेजीतलीच मिउरा ही कंपनी १९७७ची. आपल्याकडे किर्लोस्कर फेरसच्या कारखान्यात वितळलेले लोखंड साच्यात ओततात, हिमेजीतले काम निराळे. एस-२५-सी या मऊ पोलादात कार्बन जेमतेम ०.२५ टक्के. त्याची कांडी लालबुंद तापवायची, डायमध्ये दाबायची, कडेला निघालेली झालर कापायची. मग कारागीर घासपट्ट्यावर क्लबचे डोके फिरवत राहतो, मधेच वजन करतो, पुन्हा घासतो. पोलाद मऊ असल्याने पुढे खेळाडूच्या उंचीप्रमाणे क्लबचा कोन एखाद-दोन अंशांनी वाकवताही येतो. खरी किंमत या घासण्याची आहे. नावाची किंमत वेगळी लावतात, ती मला तरी पटत नाही.

जपानी बाजारासाठीचे क्लब बरेचदा हलके असतात. तिथला लोकप्रिय ‘एनएस प्रो ९५०’ शाफ्ट, म्हणजे क्लबची दांडी, शंभर ग्रॅमच्या आत, तर अमेरिकी ‘डायनॅमिक गोल्ड’ १३०च्या घरात. जोरात फटका मारणाऱ्याच्या हातात हलका शाफ्ट चेंडू भलतीकडे नेतो. काही जपानी ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचे क्लब, मुद्दाम जास्त उसळीचे बनवतात, ते स्पर्धेत चालत नाहीत.

आता नवा संच मागवण्याचा हिशेब. सात आयर्नचे वजन तीन किलोच्या आसपास, पण खोके १०५ बाय २० बाय १५ सेंटिमीटरचे. कुरिअरवाले या गुणाकाराला ५०००ने भागतात आणि ६.३ किलोचे भाडे लावतात. सीमाशुल्क नुसत्या किमतीवर नसते, त्यात भाडे आणि विमाही धरतात. वर एकात्मिक जीएसटी, तोही शुल्कासकट रकमेवर. स्वतःपुरता एखादा संच मागवायला आयात-निर्यात कोड लागत नाही, ओळखीची कागदपत्रे मात्र लागतात. बिलावर किंमत कमी लिहून घेण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, माल जप्त होऊ शकतो.

आधी अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्यात जाऊन फिटिंग करून घ्या. लांबी, कोन, शाफ्टचे वजन लिहून आणा आणि मगच नवा संच मागवा. खोके फोडून चेंडू मारल्यावर विक्रेता संच परत घेत नाही.