दैवाचा जमाखर्च

'डायब्लो २', 'टॉर्चलाइट' आणि 'पाथ ऑफ एग्झाइल' हे तीन खेळ तीन पडद्यांवर शेजारी शेजारी चालू ठेवले, तर नवख्या माणसास त्यांतील भेद सहसा सांगता येणार नाही. कारण तिन्हींत आपण रणभूमीकडे वरून तिरपे पाहत असतो, तिन्हींत एकटा वीर राक्षसांच्या झुंडीत शिरून माऊसच्या टिचक्यांनी त्यांचा संहार करीत असतो, आणि तिन्हींत पडलेल्या राक्षसाच्या देहातून तलवारी, चिलखते व अंगठ्या भूमीवर विखुरतात. तरीही यांपैकी एका खेळात मुरलेला मनुष्य दुसऱ्यात गेला, की परक्या मुलुखात आल्याप्रमाणे काही काळ अडखळतो. याचे कारण कथानकात शोधण्याचा मोह होतो; परंतु या जातीच्या खेळांतील कथानक फारसे कोणी लक्ष देऊन वाचीत नाही, आणि न वाचल्याने कोणाचे काही अडतही नाही. भेदाचे मूळ असते ते खेळाच्या पोटातील दप्तरात, जेथे काळाचे तुकडे कसे पाडावेत आणि दैव कोणत्या प्रमाणात वाटावे याची तजवीज आधीच होऊन गेलेली असते.

पहिला 'डायब्लो' डेव्हिड ब्रेविक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात रचावयास घेतला, तेव्हा तो आळीपाळीने खेळावयाचा होता. १९८० च्या सुमारास निघालेल्या, नुसत्या अक्षरांनी भुयारे रेखाटणाऱ्या 'रोग' या खेळाच्या वंशातला तो. खेळाडूने एक चाल करावी आणि मग राक्षसांनी आपली करावी, असा त्याचा कुलाचार. ब्लिझार्ड कंपनीने मात्र खेळ अखंड चालला पाहिजे असा आग्रह धरला. ब्रेविकचा त्यास विरोध होता. परंतु सहकाऱ्यांचा कौल विरुद्ध पडल्यावर त्याने बदलास हात घातला, आणि जे काम दीर्घकाळ चालेल म्हणून कंपनीस सांगितले होते ते एका दुपारी आटोपले. त्याने पाळी नाहीशी केलीच नाही. ती इतकी आखूड केली की एका सेकंदात तशा वीस पाळ्या होऊन जाव्यात, आणि मनुष्याच्या डोळ्यास काळ सलग वाहत असल्याचा भास व्हावा.

'डायब्लो २' (२०००) मध्ये हाच हिशेब सेकंदास पंचवीस फ्रेमचा झाला, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, आणि अर्धी फ्रेम अशी वस्तू तेथे अस्तित्वातच नाही. मंत्रविद्येत निपुण अशी जी सॉर्सरेस त्या खेळात आहे, तिचा मंत्रोच्चाराचा वेग ६३ टक्क्यांनी वाढविला तर एका मंत्रास नऊ फ्रेम लागतात. तो १०४ टक्क्यांपर्यंत नेला तरी नऊच लागतात. आणि १०५ होताच आठ. मधल्या एकेचाळीस टक्क्यांसाठी गोळा केलेल्या अंगठ्या व ताईत केवळ भूषणे ठरतात. अनुभवी खेळाडू या पायऱ्यांचे कोष्टक तोंडपाठ ठेवतात, याचे नवल वाटावयास नको.

हिदेताका मियाझाकी यांच्या 'डार्क सोल्स'मध्ये (२०११) काळाचा उपयोग निराळाच आहे: एकदा उगारलेले खड्ग मागे घेता येत नाही आणि प्रत्येक वाराबरोबर दम सरतो, म्हणून तेथे कौशल्य झुंडी झोडपण्यात नसून वाट पाहण्यात आहे.

आता दैवाकडे वळू. संगणकाजवळ फासे नसतात. तो मागच्या संख्येवर ठराविक गणित करून पुढची संख्या काढतो, आणि तीच आपण यदृच्छा म्हणून स्वीकारतो. शत्रूचा वार लागण्याची संभाव्यता २० टक्के असली, तर लागोपाठ तीन वार लागण्याची संभाव्यता ०.८ टक्के होते, म्हणजे सव्वाशेत एक. आकडा क्षुल्लक दिसतो. परंतु घटकाभरात शेकडो वार झेलणाऱ्या वीरास तो प्रसंग येणारच, आणि तो आला की खेळाडू गणितास नव्हे, खेळास दोष देतो. न्यूझीलंडमध्ये निर्माण झालेल्या 'पाथ ऑफ एग्झाइल'ने (२०१३) यावर नामी तोड काढली. वार चुकविण्याच्या बाबतीत तेथे खातेवही ठेवलेली आहे: प्रत्येक वारागणिक तिच्यात वीस जमा होतात, बेरीज शंभरावर गेली की वार लागतो आणि शंभर वजा होतात. आरंभीची शिल्लक तेवढी यदृच्छेने ठरते. दैवास अशा रीतीने हप्ते बांधून दिल्याने खेळ सौम्य झाला असे म्हणता येणार नाही, पण अन्यायाची भावना पुष्कळच निवळते.

लुटीच्या बाबतीत हे भेद विशेष ठळक होतात. 'टॉर्चलाइट'मध्ये (२००९) पाळीव जनावराच्या पाठीवर नको असलेला माल लादून त्याला गावात विकावयास धाडता येते, त्यामुळे वीराचा पाय भुयारातून निघत नाही. 'डायब्लो २'मध्ये सुवर्णमुद्रा इतक्या मुबलक होत्या की त्यांना किंमत उरली नाही, आणि खेळाडूंनी 'स्टोन ऑफ जॉर्डन' नामक अंगठी आपसांत चलन म्हणून रूढ केली. पाठोपाठ तिच्या खोट्या नकलांचा सुळसुळाट झाला. पुढे निर्मात्यांनी अशी योजना केली की खेळातील व्यापाऱ्यास या अंगठ्या पुरेशा संख्येने विकल्या गेल्या म्हणजे एक महाबलाढ्य राक्षस प्रकट व्हावा. राक्षसाच्या आमिषाने फाजील चलन परत घेण्याची ही युक्ती एखाद्या सरकारी खजिनदारासही सुचली नसती.

'डायब्लो ३'ने (२०१२) तर खऱ्या पैशांचा लिलावबाजार उघडला. उत्तम खड्ग विकत मिळू लागताच राक्षस मारण्याचे प्रयोजनच ढिले पडले, आणि १८ मार्च २०१४ रोजी तो बाजार बंद करावा लागला.

'पाथ ऑफ एग्झाइल'ची तजवीज मला या सर्वांत अधिक चतुर वाटते. मूळ खेळात सुवर्णमुद्रा ठेवलेल्याच नव्हत्या. त्यांच्या जागी नाना प्रकारचे ऑर्ब होते, आणि प्रत्येक ऑर्ब हे चलनही होते व हत्यारही. एक्झाल्टेड ऑर्ब दुर्मिळ शस्त्रास एक नवा गुण देई, मात्र कोणता गुण ते यदृच्छेवर. त्यांचे परस्परांतील भाव कोणा अधिकाऱ्याने ठरविलेले नव्हते. ते खेळाडूंच्या व्यवहारातून चढत आणि उतरत, आणि स्वतःच्या तलवारीवर ऑर्ब उधळणारा प्रत्येक जण बाजारातील चलन तेवढ्यापुरते कायमचे कमी करीत असे.